आत न जाणारी गाठ

आमच्या बाजारात एखाद्या हमालाच्या जांघेत गाठ आली की तो डॉक्टरकडे जायचा नाही, शिंप्याकडे जायचा. हसू नका. हे तीस वर्षं असंच चाललं होतं, आणि तो शिंपी म्हणजे माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा. सगळा बाजार त्यांना मास्तर म्हणायचा, मी भावोजी म्हणायचो. माझं दुकान त्यांच्या दुकानाला लागून, मधे फक्त लाकडी फळ्यांची भिंत. मी बटणं, दोरे, चेन, अस्तर आणि इलॅस्टिक विकतो. त्यांच्याकडे कोण आलं, काय बोललं आणि किती वेळा खोकलं, हे सगळं मला बसल्या जागी ऐकू यायचं.

खोकण्याचं सांगतो. भावोजी मूळचे पँटी शिवणारे. शर्टाला ते हात लावायचे नाहीत. म्हणायचे, शर्ट कुणीही शिवतं, पँट कुणी शिवलीय ते माणूस खाली बसला की कळतं. एकदा एक म्हातारा हमाल पँटीच्या मापाला आला. माप घेताना टेप कुठेतरी अडली. बघतात तर आत विकतचा हर्नियाचा पट्टा, आणि त्याच्या कडांनी मांडी सोलवटून निघालेली. भावोजींना दुसऱ्याची वाईट शिवण बघवत नसे. त्यांनी तो पट्टा तिथल्या तिथे काढायला लावला आणि संध्याकाळपर्यंत दुसरा शिवून दिला. जाड ड्रिलचं कापड, आतून मऊ अस्तर, गाठीवर बसेल अशी कापसाची छोटी गादी आणि एका बाजूला चार बोटं रुंद इलॅस्टिक. म्हातारा दुसऱ्या दिवशी पोती उचलून झाल्यावर मुद्दाम सांगायला आला. त्या आठवड्यात आणखी चौघे आले.

मग ते चालूच राहिलं. धान्याच्या गोदामांत, लाकडाच्या वखारींत, बर्फाच्या कारखान्यात, जिथे म्हणून पाठीवर वजन घेऊन माणसं चालतात तिथे मास्तरांचं नाव पोचलं. माणूस यायचा, इकडे तिकडे बघायचा आणि हळूच म्हणायचा, "मास्तर, जरा आत." आत म्हणजे पँट घालून बघायची जागा. तिला एक निळा पडदा होता. पडद्यामागून भावोजींचा आवाज यायचा, "उभे राहा. सैल सोडा. हां, खोका. अजून एकदा. असं नाही हो, पोटातून खोका, लग्नाच्या मांडवात खोकल्यासारखं काय खोकता!" मग त्याला कटिंगच्या टेबलावर आडवं करायचे आणि गाठ बोटांनी हळूहळू मागे सारून बघायचे. आमच्या लायनीतले टवाळ दुकानदार त्याला खोकल्याचा दवाखाना म्हणायचे. त्या टवाळांत मी पहिला.

पण एक गोष्ट सांगतो, कारण पुढे सगळं तिच्यावरच येऊन ठेपलं. भावोजी अर्धवट शहाणे नव्हते. त्यांचा एक नियम होता आणि तो त्यांनी कधी मोडला नाही. गाठ खोकल्यावर फुगते आणि आडवं झाल्यावर आत जाते, ती हर्नियाची. तिला ते पट्टा द्यायचे आणि वर ऐकवायचे, "हा नुसता धरून ठेवतो हं, बरं करत नाही. ऑपरेशन करून घ्या." कुणी करायचं, कुणी नाही. दुसरी म्हणजे अवधाण. पायाला खिळा लागला, बोट चिघळलं की जांघेत दुखरी गाठ येते ती. ते आधी पाय बघायचे आणि म्हणायचे, जखम धुवा, औषध लावा, गाठ आपोआप जाईल. आणि तिसरी, जी आतही जात नाही आणि दुखतही नाही. तिला ते टेपसुद्धा लावायचे नाहीत. "ही माझ्याकडची नाही," म्हणायचे, "आजच्या आज मोठ्या दवाखान्यात जा." ऐकलं नाही तर दुकान बंद करून स्वतः घेऊन जायचे. असे तीन-चार जण मी पाहिलेत. त्यातला एक अजून बर्फ फोडतो आणि मला भेटला की मास्तरांचं नाव काढतो.

असा माणूस. आणि त्यानेच माती खाल्ली.

झालं असं, की एका दुपारी ते माझ्या दुकानात आले आणि रुंद इलॅस्टिक मागितलं. कंबर किती, मी विचारलं. "चाळीस." कुणासाठी? "आहे एक, वखारीतला." मी कात्री चालवत म्हणालो, "हमालाला चाळीसची कंबर? हा पोती उचलतो का खातो?" ते हसले. मीही हसलो. तीन महिन्यांनी परत चाळीस. मी म्हणालो, तुमचा हमाल पट्टे चावतो वाटतं. परत हसले. आणखी काही महिन्यांनी परत. आमच्या बाजारात चाळीसची कंबर असलेला आणि रोज माझ्या डोळ्यांसमोर वावरणारा माणूस एकच होता. मी रोज त्याच्याबरोबर दोनदा चहा प्यायचो. मी आयुष्यभर मापं विकली आणि हे माप माझ्या डोक्यात शिरलं नाही. लोक म्हणतात, तुला काय स्वप्न पडणार होतं? स्वप्न कशाला पडायला हवं, डोळे होते की मला.

ते ताईने शोधलं. म्हणजे माझ्या बहिणीने. भावोजी आपले आतले कपडे स्वतः धुवायला लागले होते. तिला वाटलं, उतारवयात माणूस सुधारला. मग एकदा त्यांना तापाने अंथरुणात पडावं लागलं आणि कपडे तिच्या हातात आले. त्यात तो पट्टा. ती तशीच ओला पट्टा घेऊन माझ्या दुकानात आली. गिऱ्हाईक उभं होतं, त्याच्यासमोर तिने तो काउंटरवर टाकला.

"हे काय आहे?"

मी तो उचलून उलटासुलटा करून बघितला. चाळीसची कंबर. डाव्या बाजूची गादी चांगली मुठीएवढी जाड. भावोजींच्या हातचा टाका मी झोपेतही ओळखेन.

"तुला माहीत होतं," ताई म्हणाली.

"नव्हतं गं."

"इलॅस्टिक तुझ्याच दुकानातलं ना?"

मी शटर ओढलं आणि तिच्याबरोबर निघालो.

भावोजी पलंगावर उशीला टेकून बसले होते. ताईच्या हातात पट्टा बघून त्यांनी आधी चादर छातीपर्यंत ओढून घेतली, पोराटोरासारखी. मग म्हणाले, "हर्निया आहे. वयाचा असतो. एवढा आरडाओरडा करण्यासारखं काही नाही."

मी म्हणालो, "आडवे व्हा."

"काय?"

"आडवे व्हा आणि खोका. आत जाते का बघू."

"तू कोण लागून गेलास रे बघणारा? बटणं विक तू."

मी तिरसट माणूस आहे. माझा आवाज चढला. त्यांचाही चढला. ताई मधे उभी. शेवटी तीच म्हणाली, अगदी हळू, "अहो, आत जाते का?"

भावोजी चादरीकडे बघत म्हणाले, "आधी जायची वाटायची. थोडी."

जात नव्हती. पहिल्या दिवसापासून जात नव्हती. मला ते नंतर त्यांनीच सांगितलं. रोज दुकान उघडल्यावर पडदा ओढून ते स्वतः त्या टेबलावर आडवे व्हायचे, बोटांनी दाबायचे आणि स्वतःची समजूत घालायचे की आज कालच्यापेक्षा जरा आत गेली. दुसऱ्याच्या गाठीला जे एका मिनिटात सांगायचे, ते स्वतःच्या गाठीला चौदा महिने सांगता आलं नाही. आणि ती दिसू नये म्हणून, दाबली जावी म्हणून, वर पट्टा. ती वाढली की गादी मोठी. गाठीच्या मापाने पट्टा बदलत गेला, बदलला नाही तो फक्त त्यांचा हट्ट. मी विचारलं, का? इतक्या लोकांना हाताला धरून नेलंत, स्वतः का नाही गेलात? ते म्हणाले, "त्यांना नेताना मला भीती नव्हती वाटत."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे मोठ्या दवाखान्यात गेलो. लांबच लांब बाक, भिंतीला हिरवा रंग, नंबराचा कागद हातात. तिथली डॉक्टरीणबाई ताईची लेक शोभेल एवढीच असेल. केस घट्ट बांधलेले, गळ्यात नळी, बोलणं एकदम मोजकं. तिने भावोजींना पडद्यामागे नेलं. मी आणि ताई पडद्याच्या अलीकडे. आयुष्यभर भावोजी पडद्याच्या त्या बाजूने बोलायचे, आज दुसरंच कुणी बोलत होतं.

"काका, उभे राहा. खोका."

भावोजी खोकले. मग आम्हाला ऐकू आलं, "बाई, आधी आडवं करून बघा, मग कळेल. वर सारायची, अशी..."

"काका, मी बघते हं."

"तसं नाही, मी हे काम..."

"अहो, बघू द्या ना त्यांना!" ताई अलीकडून ओरडली. बाकावरच्या चार माणसांनी माना वळवल्या.

मग तिने तपासून घेतलं. डॉक्टरीणबाई पडदा थोडा सारून म्हणाली, "नातेवाईक आत या." ती आम्हाला समजावून सांगत होती, आणि मला कळलं की ती खरं तर भावोजींनाच सांगतेय. मांडी आणि पोट जिथे मिळतात तिथे घडी असते. हर्निया बहुतेक वेळा त्या घडीच्या वर असतो. ही गाठ घडीच्या खाली आहे. लिंबाएवढी आहे, टणक आहे, हलत नाही, आणि शेजारी आणखी दोन लहान आहेत. भावोजींनी मान डोलावली. त्यांना हे सगळं माहीत होतं. निदान बोटांना माहीत होतं.

मग ती म्हणाली, "पाय दाखवा."

"पायाला काही झालेलं नाही," भावोजी म्हणाले. "जखम नाही. मी रोज बघतो."

"तरी दाखवा."

तिने खुर्ची पुढे ओढली, त्यांचा पाय हातात घेतला, बोटांच्या बेचक्या उघडून बघितल्या. मग तळवा वर केला. डाव्या टाचेवर शर्टाच्या बटणाएवढा काळा डाग होता. कडा वेड्यावाकड्या, एका बाजूला थोडा उचललेला.

"हा कधीपासून?"

भावोजी चक्क हसले. "तो? तो मशीनच्या तेलाचा आहे. आम्ही अनवाणी पायडल मारतो ना. चप्पल घातली की पायडलचा अंदाज येत नाही. तेल गळतं, टाचेत मुरतं. सगळ्या जुन्या शिंप्यांच्या टाचा काळ्याच असतात."

ताईसुद्धा म्हणाली, "हो. मी दर रविवारी वजरीने घासते. कमी होतो, परत येतो."

डॉक्टरीणबाईने कापसावर कसलंसं औषध घेऊन तो डाग पुसला. एकदा, दोनदा. कापूस पांढराच राहिला. तिने तो आम्हाला दाखवला नाही, बाजूच्या डब्यात टाकला, पण आम्ही तिघांनीही बघितला.

डागाचा तुकडा काढला, गाठीत सुई घालून पाणी काढलं, छातीचा आणि पोटाचा फोटो काढला. रिपोर्टला दहा दिवस लागतील म्हणाली. बाहेर पडताना ताई मागे राहिली. मला ऐकू आलं, ती विचारत होती, "बाई, मी घासलं म्हणून तर नाही ना झालं?" डॉक्टरीणबाई म्हणाली, "नाही हो. घासण्याने नाही होत." ताईने ते ऐकलं, पण ते तिच्या आत उतरलं नाही. रिक्षात ती स्वतःचे हात उलटेसुलटे करून बघत बसली.

ते दहा दिवस मी कसे काढले ते मला विचारू नका. काही करता येईना. माझ्यासारख्या माणसाला काही करता आलं नाही की तो भांडतो. मी गिऱ्हाइकांशी भांडलो, बायकोशी भांडलो, रॉकेलच्या डब्याशी भांडलो. भावोजींनी मात्र वेगळंच आरंभलं. त्यांच्याकडे मापांची एक लांबट वही होती. तीस वर्षांत ज्याला ज्याला पट्टा शिवून दिला त्याची कंबर, बाजू आणि गादीचा आकार त्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी ती वही काखेत मारून ते माझ्या दारात उभे.

"चल."

"कुठे?"

"यातला एखादा चुकला असला तर? माझी बोटं माझ्याबाबतीत खोटं बोलली. यांच्याबाबतीतही बोलली असतील."

मी म्हणालो, वेड लागलंय तुम्हाला. ते म्हणाले, असेल, चल. गेलो. आम्ही दोघे म्हातारे गोदामा-गोदामांतून फिरलो. भावोजी पायाला पट्टी बांधून लंगडत आणि मी वही धरून. पाठीवर पोतं असलेल्या माणसाला थांबवून म्हणायचो, अरे, जरा खोकून दाखव. कुणी शिव्या घातल्या, कुणी हसले. एका मुकादमाला वाटलं, मास्तर उधारीवरचे पट्टे परत घ्यायला आलेत. पोत्यांच्या थप्पीमागे, वखारीतल्या फळ्यांच्या आडोशाला, ट्रकच्या मागे, भावोजी गुडघे टेकून एकेकाला तपासत होते. कुणी गाव सोडून गेलेलं, कुणी वारलेलं. पण जे सापडले ते पस्तीस-छत्तीस तरी असतील. सगळ्यांची गाठ आडवं केल्यावर आत गेली. एकूण एक.

शेवटच्या दिवशी ते बर्फाच्या कारखान्याबाहेरच्या कट्ट्यावर बसले. "एकही चुकला नाही," म्हणाले. मला वाटलं त्यांना बरं वाटलं असेल. तोंडाकडे बघितलं तर माणूस पार कोसळला होता. आता त्यांच्याकडे बोटांना दोष द्यायलाही जागा उरली नव्हती.

रिपोर्ट आला. टाचेवरचा डाग हा कातडीचा कॅन्सर होता. तिथून तो जांघेतल्या गाठींत उतरला आणि छातीत दोन्ही बाजूंना ठिपके होते. डॉक्टरीणबाईने तिघांसमोर सगळं सांगितलं, काही लपवलं नाही, काही रंगवलंही नाही. औषधं देऊ, त्रास कमी करू, म्हणाली. "बरं करू" हा शब्द तिच्या तोंडून आला नाही. ताईने तो दोन वेळा आडून विचारला. दोन्ही वेळा ती म्हणाली, "आपण प्रयत्न करू."

नंतर तिने मला एकट्याला कागदांवर सही करायला थांबवलं. मी विचारलं. विचारायला नको होतं. पण मला तेच एक माहीत करून घ्यायचं होतं. "वर्षभरापूर्वी आलो असतो तर?"

ती पेन बंद करत म्हणाली, "नक्की कुणीच सांगू शकत नाही. पण तेव्हा बहुतेक एकाच गाठीत असेल. टाचेचा तेवढा भाग आणि ती गाठ काढली असती. बरीच माणसं त्यातून निघतात."

दवाखान्याच्या फाटकाबाहेर भावोजी रिक्षाची वाट बघत उभे होते. ताई औषधांच्या रांगेत होती. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. रस्त्याकडे बघत म्हणाले, "विचारलंस ना तिला?"

"काय?"

"लवकर आलो असतो तर."

माझ्या जिभेला हाड नाही असं ताई लहानपणापासून म्हणत आलीय. त्या दिवशी पहिल्यांदा मी नीट खोटं बोललो. "विचारलं. काही फरक पडला नसता, म्हणाली. हा असलाच असतो म्हणे."

ते माझ्याकडे वळून म्हणाले, "चांगलं सांगितलंस. मध्ये जरा अडखळलास."

मला कळेना.

"मला तिने मघाशी पडद्यामागे तपासतानाच सांगितलंय खरं काय ते. मीही विचारलं होतं," ते म्हणाले. "तुझी ताई आज ना उद्या तुला विचारेल. तिला वाटतंय, तिने घासत बसण्यापेक्षा मला ओढून आणलं असतं तर मी वाचलो असतो. मी गेल्यावर ती हेच धरून बसेल. तिला हे असंच सांग. पण अडखळू नकोस."

मी तिथे रस्त्यात रडलो. त्यांनी मला रडू दिलं नाही. "पूस ते," म्हणाले, "आली ती."

भावोजी त्यानंतर सात महिने होते. त्यातले शेवटचे दोन मी सांगणार नाही. ते गेल्यावर पंधरा-वीस दिवसांनी ताईने विचारलं. भांडी घासत होती, पाठमोरी. मी म्हणालो, "काही फरक पडला नसता ताई, डॉक्टरीणबाईच म्हणाली." न अडखळता म्हणालो. तिचा हात थांबला, मग परत चालू झाला. त्या दिवशी ती पोटभर जेवली. मी स्वतःला म्हटलं, जन्मात एक काम तरी नीट केलंस.

भावोजींचं दुकान बंद झालं तेव्हा घरात एकटी बसण्यापेक्षा ती माझ्या दुकानात येऊन बसायला लागली. बटणं निवडायची, दोऱ्याची रिळं रंगांप्रमाणे लावायची. जुनी माणसं यायची, मास्तरांची चौकशी करायची. ताई प्रत्येकाला सांगायची, आधी हळू आवाजात, मग जरा मोकळेपणाने, "लवकर गेलो असतो तरी उपयोग नव्हता. डॉक्टरच म्हणाल्या तसं." तिला ते सांगताना जिवाला थंडावा मिळायचा, मला दिसायचं ते. माणसं माना हलवायची आणि जायची. मीही मान खाली घालून माप कापत बसायचो.

मग एक दिवस वखारीतला एक जण आला. त्याला आम्ही उंच्या म्हणायचो. चाळिशीतला, मजबूत गडी, दोन मुलींचा बाप. मास्तरांनी करून ठेवलेला एखादा पट्टा शिल्लक आहे का, विचारत होता. मी सहज विचारलं, "आत जाते का रे?"

"नाही जात."

"दुखते?"

"नाही. म्हणून तर चालढकल करतोय. सहा महिने झाले असतील."

मी कात्री खाली ठेवली. "अरे मग पट्टा कसला मागतोस? दवाखान्यात जा. आत्ताच्या आत्ता."

तो हसला, ताईकडे बघून अदबीने मान लववली आणि म्हणाला, "जाऊन काय करू? मास्तरांच्या मालकीणबाईच म्हणाल्या ना, अशा गाठीला लवकर गेलं काय नि उशिरा गेलं काय, सारखंच. मग कशाला त्या लफड्यात पडायचं? जेवढे दिवस हातपाय चालतायत तेवढे पोरींसाठी काम करतो."

ताई माझ्या मागे स्टुलावर बसली होती. तिच्या मांडीवर बटणांचा डबा होता. मी मागे वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर मला बोलता आलं नसतं. मनात आलं, याला बाहेर नेऊन, कोपऱ्यावर नेऊन सांगावं. पण तो घाईत होता, पाय उंबऱ्याबाहेर टाकून उभा होता आणि त्याचा विश्वास माझ्यावर नव्हता, तिच्यावर होता. मी नुसता दटावत राहिलो असतो तर तो हो हो म्हणून निघून गेला असता. भावोजींनी मला एकच काम सांगितलं होतं. ते मोडल्याशिवाय हा माणूस हलणार नव्हता, आणि दुसरा कुठलाही रस्ता मला सुचत नव्हता. अजूनही सुचत नाही.

मी म्हणालो, "ती चुकीचं सांगते. मी तिला खोटं सांगितलं होतं. मास्तर वर्षभर आधी गेले असते तर बहुतेक वाचले असते. डॉक्टरीणबाई असं म्हणाली होती."

मागे काही वाजलं नाही. डबा पडला नाही, रडणं नाही, काही नाही. उंच्या एकदा माझ्याकडे आणि एकदा तिच्याकडे बघत राहिला. त्याला कळेना की यातलं कुणाचं खरं धरावं.

मग ताई स्टुलावरून उठली. काउंटरची फळी उचलून बाहेर आली आणि त्याच्यासमोर उभी राहिली. तिचा चेहरा मला दिसत नव्हता. आवाज मात्र अगदी साधा होता, रोजचा.

"ऐकलंत ना?" ती म्हणाली. "चला. मी येते बरोबर."